श्रेयनामावली संपेपर्यंत : एका ओटीटी सेवेचा तीन वर्षांचा अनुभव

आमच्या घरी एका ओटीटी सेवेची वर्गणी गेली तीन वर्षे खंड न पडता चालू आहे. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवांपैकी बहुतेक थोड्याफार फरकाने इतर सेवांमध्येही आढळतात, आणि नावावरून मत बनवण्याऐवजी वाचकांनी आपापल्या घरच्या सेवेशी हा अनुभव ताडून पाहावा अशी माझी इच्छा आहे. तीन वर्षांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे, की ही सेवा चित्रपट मिळवते उत्तम, दाखवते बऱ्यापैकी, पण तो संपू देत नाही. हा दोष मला किरकोळ वाटत नाही. चित्रपट घडवणाऱ्यांचा आणि तो मन लावून पाहणाऱ्यांचा, दोघांचाही त्यात अनादर होतो.

जिथे कौतुक करायला हवे तिथे ते आधी करते. पूर्वी पुरस्कारांच्या बातम्यांमध्ये ज्या चित्रपटांची नुसती नावे वाचायला मिळत, ते आता वर्ष-दीड वर्षाच्या आत घरी बसून पाहता येतात, ही माझ्यासारखीला फार मोठी गोष्ट आहे. २०२३ च्या, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च मान म्हणजे पाम द’ओर जस्टिन त्रिए यांच्या ‘अॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ला मिळाला आणि त्याखालोखालचा ग्रां प्री जोनाथन ग्लेझर यांच्या ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ला. दोन्ही चित्रपटांत प्रमुख स्त्रीभूमिका सँड्रा ह्युलर या एकाच जर्मन अभिनेत्रीची आहे. हे दोन्ही चित्रपट मला या सेवेवर एकाच महिन्यात पाहायला मिळाले, आणि एकाच व्यक्तीच्या चेहऱ्यावर इतकी वेगवेगळी माणसे कशी उमटतात हे लागोपाठ पाहण्याचा आनंद मिळाला, त्याबद्दल मी सेवेची मनापासून ऋणी आहे. या लेखात मी प्रामुख्याने याच दोन चित्रपटांच्या आधाराने बोलणार आहे. साधा, सरळ, गोष्ट सांगून मोकळा होणारा चित्रपट कोणत्याही सेवेवर नीट दिसतो. सेवेची परीक्षा होते ती दिग्दर्शकाने जेव्हा पाहणाऱ्याकडून थोडा धीर मागितलेला असतो तेव्हा.

‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ असाच धीर पहिल्या मिनिटाला मागतो. पडद्यावर शीर्षक येते, हळूहळू विरून जाते आणि मग बराच वेळ पडदा पूर्ण काळा राहतो. ऐकू येते ते फक्त मिका लेव्ही यांचे संगीत, खाली खाली बुडत जाणारे. ऑशविट्झच्या नाझी छळछावणीच्या भिंतीला लागून असलेल्या बंगल्यात छावणीचा प्रमुख रुडॉल्फ होस, त्याची पत्नी आणि मुले राहतात; बाग फुलवतात, वाढदिवस साजरे करतात, नदीवर पोहायला जातात. भिंतीपलीकडचे क्रौर्य कॅमेरा एकदाही दाखवत नाही. ते केवळ ऐकू येते : दूरवरची गोळी, ओरडा, कुत्र्यांचे भुंकणे आणि या सगळ्याखाली अखंड चालू असलेली भट्टीची घरघर. सुरुवातीचा काळा पडदा हा पाहणाऱ्याला दिलेली सूचना आहे, की आता डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवा.

आमच्याकडे काय झाले ते सांगते. पडदा काळा झाल्यावर अर्ध्या मिनिटात माझे पती उठले आणि टीव्हीमागची वायर हलवून पाहू लागले. त्यांना मी जेमतेम खाली बसवते आहे, तोच उजव्या कोपऱ्यात ‘सुरुवात वगळा’ असे लिहिलेले पांढरे बटण उमटले. मालिकांच्या शीर्षकगीतासाठी केलेली ही सोय यंत्राने बहुधा आपोआप इथेही लावली असावी. कारण काहीही असो, ज्या अंधारातून चित्रपटाने आम्हाला आत नेण्याचे योजले होते, त्या अंधारात एक पांढरा चौकोन चमकत राहिला आणि सांगत राहिला, की हे महत्त्वाचे नाही, पुढे चला. मी ते बटण दाबले नाही. पण घरात दुसरे कोणी असते, तर त्याने ते दाबले असते आणि त्यात त्याची काहीच चूक नसती.

आवाजाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. या चित्रपटाला मार्च २०२४ मध्ये सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाबरोबरच ध्वनीसाठीचे ऑस्कर मिळाले, आणि तो मान टार्न विलर्स आणि जॉनी बर्न यांचा आहे. एकाच वेळी दोन चित्रपट चाललेले असतात, एक दिसणारा आणि एक ऐकू येणारा, आणि ते एकमेकांना कधीच भेटत नाहीत, असे या कामाचे स्वरूप आहे. सेवेवर बहुध्वनिमार्गी, म्हणजे चहूबाजूंनी येणारा (सराउंड) आवाज उपलब्ध आहे हे चांगले. पण आपोआप निवडला जातो तो साधा दोन मार्गांचा, आणि दुसरा निवडण्यासाठी चित्रपट सुरू झाल्यावर यादीत दोन पायऱ्या आत जावे लागते. पहिल्या खेपेस आम्ही त्यात आणखी एक चूक आपल्या हाताने केली होती. आमच्या टीव्हीवर रात्रीच्या वेळेसाठी आवाजाची एक सोय आहे, जी बोलणे वर उचलते आणि बाकीचे दाबते. एरवी ती फार उपयोगाची आहे. या चित्रपटात मात्र ज्याला टीव्ही ‘बाकीचे’ समजतो तेच सर्वस्व आहे. पहिली पंधरा मिनिटे आम्ही एका सुखवस्तू कुटुंबाची काहीशी कंटाळवाणी दिनचर्या पाहत होतो. ती सोय बंद केली आणि खोलीची हवाच बदलली. हा दोष सेवेचा नाही, हे मान्य करते. तरीही चित्रपटाच्या पानावर, जिथे कलाकारांच्या छायाचित्रांसाठी इतकी जागा आहे, तिथे ‘आवाज पूर्ण ठेवून पाहावा’ एवढी एक ओळ असती तर किती बरे झाले असते.

आता सबटायटल्सविषयी, आणि इथे मला माझे स्वतःचे मत बदलावे लागले आहे.

सेवेवर या चित्रपटासाठी एकाच प्रकारची सबटायटल्स होती, ज्यात संवादांबरोबर आवाजांची वर्णनेही येतात : दूरवर गोळीबार, माणसांचा आक्रोश, आगगाडीची शिटी. मला ती सुरुवातीला खटकली. दिग्दर्शक तो आवाज मुद्दाम मागे ठेवतो, पाहणाऱ्याला हळूहळू त्याची सवय होऊ देतो आणि मग त्या सवयीचीच लाज वाटायला लावतो. अशा वेळी प्रत्येक गोळीची नोंद खाली अक्षरांत उमटली तर तो सगळा खेळ उघडा पडतो, असा माझा आक्षेप होता. माझी आत्या आमच्याकडे राहते. तिला गेल्या काही वर्षांपासून कमी ऐकू येते, त्यामुळे टीव्हीवर ती जे पाहते ते निम्म्याहून अधिक वाचूनच. चित्रपट संपल्यावर मी माझा हा आक्षेप मोठ्या तावातावाने मांडत होते. आत्या शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “अगं, तुम्ही दोघं मध्येच बागेबद्दल बोलायला लागलात. फुलं किती छान आहेत म्हणालात. मी खाली वाचत होते ना, मला नाही बोलता आलं.”

यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही. आम्ही ऐकत होतो म्हणून आम्हाला सवय झाली. ती वाचत होती म्हणून तिला प्रत्येक गोळी नव्याने कळत राहिली. त्यानंतर मी ‘वर्णने नकोत’ असे म्हणणे सोडून दिले. आता माझी मागणी एवढीच आहे, की दोन्ही प्रकारची सबटायटल्स वेगवेगळी द्यावीत, आणि वर्णनांची सबटायटल्स लिहिणारा माणूस चित्रपट समजून घेऊन लिहिणारा असावा. आत्याच्या लक्षात आलेली एक गोष्ट इथे नोंदवते : सबटायटल्समध्ये ती सततची घरघर सुरुवातीला एकदाच नोंदली होती, नंतर नाही. म्हणजे जो आवाज चित्रपटात क्षणभरही थांबत नाही, तो आत्यासाठी पाचव्या मिनिटालाच थांबला होता. तो शेवटपर्यंत चालूच होता हे मी तिला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

याच चित्रपटाच्या शेवटी जे झाले, त्यामुळे हा लेख लिहायला घेतला. शेवटी पुन्हा पडदा काळा होतो आणि श्रेयनामावलीबरोबर पुन्हा मिका लेव्ही यांचे संगीत सुरू होते. माणसांच्या आवाजांचे, किंकाळी आणि गाणे यांच्या मधल्या कुठल्याशा जागेवरचे. हे संगीत म्हणजे घरी निघताना वाजवायची धून नव्हे. दीड-पावणेदोन तास जे भिंतीपलीकडे अडवून ठेवले होते ते इथे मोकळे सुटते. सेवेने काय करावे? पहिली दोन-तीन नावे वर सरकतात न सरकतात, तोच चित्र आक्रसून डाव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे झाले, आवाज निम्म्यावर आला आणि उरलेल्या पडद्यावर एका हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटाचे रंगीत चित्र झळकले. त्याखाली आकडे उलटे मोजले जात होते. मी रिमोट शोधू लागले, तो उशीखाली सापडेपर्यंत दोन सेकंद उरले होते, घाईत चुकीचे बटण दाबले गेले आणि मुखपृष्ठ उघडले. परत मागे जाऊन श्रेयनामावली लावली तेव्हा पुन्हा चित्र आक्रसले. तिसऱ्या प्रयत्नात ती पूर्ण पाहता आली. तोपर्यंत खोलीत जे काही साठले होते ते निघून गेले होते.

श्रेयनामावली कोण वाचते, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. सगळी नावे मीही वाचत नाही. परंतु त्या चार-सहा मिनिटांत माणूस चित्रपटातून हळूहळू बाहेर येतो, शेजारी बसलेल्याकडे बघतो, पहिले वाक्य काय बोलावे याचा विचार करतो. चित्रपटगृहात दिवे मंद असताना जो वेळ मिळतो तो हाच. शिवाय ध्वनिमुद्रण करणारे, सेट उभारणारे, प्राणी सांभाळणारे, सबटायटल्स लिहिणारे अशा सर्वांना ही एवढी एकच जागा मिळालेली असते, आणि त्यांच्या कामावर चालणाऱ्या सेवेनेच ती जागा पुढच्या जाहिरातीसाठी वापरावी हे मला पटत नाही. प्रेक्षकांनी नेटाने सांगितले तर बदल होतो, याचे उदाहरण आहे : मुखपृष्ठावर ट्रेलर आपोआप सुरू होण्याविरुद्ध बऱ्याच तक्रारी झाल्यानंतर नेटफ्लिक्सने फेब्रुवारी २०२० मध्ये ते बंद करण्याचा पर्याय दिला.

‘अॅनाटॉमी ऑफ अ फॉल’च्या बाबतीत गफलत वेगळी होती. एका डोंगराळ भागातल्या घरी नवऱ्याचा वरून पडून मृत्यू होतो आणि लेखिका असलेल्या पत्नीवर खटला उभा राहतो, एवढेच कथासूत्र सांगते. पत्नी मूळची जर्मन, नवरा फ्रेंच, आणि घरात दोघे इंग्रजी बोलतात. म्हणजे जी दोघांचीही नाही अशी भाषा. न्यायालयात तिला फ्रेंचमध्ये उत्तरे द्यावी लागतात, शब्द सापडेनासे होतात तेव्हा ती इंग्रजीवर येण्याची परवानगी मागते, आणि ती भाषा बदलते त्या क्षणी तिचा सगळा चेहराच बदलतो. चित्रपटाच्या मध्यावर पतिपत्नीचे जे प्रदीर्घ भांडण आहे, माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या सर्वोत्तम प्रसंगांपैकी एक, त्यातही कुणी कुणाच्या भाषेत जगायचे हा एक मुख्य मुद्दा आहे.

सेवेने हा चित्रपट आपोआप डब केलेल्या आवाजात सुरू केला. सगळी पात्रे एकाच भाषेत अस्खलित बोलू लागली. न्यायालयात ती बाई अडखळते, परवानगी मागते आणि मग त्याच भाषेत पुढे बोलत राहते. कशाची परवानगी मागितली हेच कळेना. माझा विरोध डबिंगला नाही. वाचण्याचा वेग कमी असलेल्यांना, लहान मुलांना, काम करता करता पाहणाऱ्यांना डबिंग हवेच, आणि ते करणारे कलाकार फार कौशल्याचे काम करतात. पण जिथे भाषा हाच कथेचा विषय आहे तिथे मूळ आवाज आधी सुरू व्हावा आणि डबिंग मागितल्यावर मिळावे, एवढा विवेक एखाद्या जाणत्या माणसाने पाच मिनिटांत दाखवला असता. मूळ आवाज निवडल्यावरही सबटायटल्समध्ये कोणते वाक्य फ्रेंच आणि कोणते इंग्रजी याची खूण नव्हती. ज्यांना दोन्ही भाषा ऐकून ओळखता येत नाहीत त्यांच्यापासून, आणि आत्यापासून तर नक्कीच, अर्धा चित्रपट लपून राहिला. फ्रेंच वाक्ये तिरप्या अक्षरांत दिली असती तरी काम भागले असते.

सेवेच्या मुखपृष्ठावर मधोमध एक पट्टी असते, ज्यात ताऱ्यांविषयीच्या अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या चित्रफिती असतात : कोण कुणाबरोबर दिसले, कुणी सोहळ्याला काय घातले, कुणाचे कुणाशी बिनसले. अशा गप्पांना सरसकट नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पडद्यावर ज्यांच्या सुखदुःखात आपण शिरतो त्यांच्याविषयी कुतूहल वाटणे साहजिक आहे, आणि चांगली गप्पागोष्ट माणसाला परत चित्रपटाकडे नेते. याच पट्टीतून मला कळले, की ‘अॅनाटॉमी’मधल्या मेसी नावाच्या कुत्र्याला कानमध्ये कुत्र्यांच्या अभिनयासाठी दिला जाणारा पाम डॉग हा गमतीदार पुरस्कार मिळाला होता. कुत्रा आजारी पडतो तो प्रसंग मी लगेच पुन्हा लावला, आणि त्याचे डोळे आणि लोंबणारी जीभ पाहून प्रशिक्षकाला मनोमन नमस्कार केला. त्याच ओघात दुसरीकडे वाचले, की ‘झोन ऑफ इंटरेस्ट’मधला काळा कुत्रा हा सँड्रा ह्युलर यांचा स्वतःचा आहे. तो घरभर तिच्या पायात घुटमळत असतो. या चित्रपटासाठी बंगल्यात एका वेळी दहापर्यंत कॅमेरे बसवून ठेवले होते आणि चित्रीकरण करणारी मंडळी नटांच्या नजरेआड होती, हे मला आधी माहीत होते. कुत्र्याची गोष्ट कळल्यावर त्याचा अर्थ उलगडला. त्या कुत्र्याला अभिनय करायचाच नव्हता. तो आपल्या मालकिणीच्या मागे फिरत होता, आणि ज्या बाईची आपल्याला भीती वाटायला हवी तिच्यावर एक मुका जीव इतका निर्धास्त प्रेम करतो, हे पाहून अंगावर काटा येतो. असली गप्पागोष्ट मला रोज हवी.

पण पट्टीत बहुतेक वेळा असते ते याच्या नेमके उलट. २७ मार्च २०२२ च्या ऑस्कर सोहळ्यात अभिनेते विल स्मिथ यांनी मंचावर जाऊन विनोदवीर ख्रिस रॉक यांना थप्पड मारली, ती चित्रफीत आजही दर पुरस्कार-हंगामात या पट्टीत वर येते. रॉक त्या वेळी सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार द्यायला आले होते. तो मिळाला ‘समर ऑफ सोल’ला, १९६९ मध्ये हार्लेममध्ये झालेल्या संगीत महोत्सवाचे जवळजवळ अर्धशतक पडून राहिलेले चित्रीकरण वापरून केलेल्या माहितीपटाला. त्याच रात्री ट्रॉय कोत्सुर हे अभिनयाचे ऑस्कर मिळवणारे पहिले कर्णबधिर पुरुष अभिनेते ठरले आणि त्यांचे मनोगत त्यांनी खुणांच्या भाषेत सांगितले. या दोन गोष्टी मी आत्याला सांगितल्या तेव्हा ती म्हणाली, “मला फक्त थप्पड माहीत होती.” पट्टी बनवणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की कुतूहल जागे करण्याची ताकद तुमच्याकडे आहेच, ते कुठे नेऊन सोडायचे हेही तुमच्याच हातात आहे.

त्याहून जास्त काळजी मला मुलांची वाटते. मार्च २०२५ मध्ये आलेली ‘अॅडोलेसन्स’ ही चार भागांची मालिका मी दुसऱ्या सेवेवर पाहिली. प्रत्येक भाग एकाच सलग चित्रीकरणात, मध्ये कुठेही न कापता घेतलेला आहे, आणि तिसऱ्या भागात एका खोलीत मानसतज्ज्ञ आणि खुनाचा आरोप असलेला मुलगा समोरासमोर बसलेले असताना त्या सलगतेचे मोल कळते, कारण सुटका कुणालाच नाही, पाहणाऱ्यालाही नाही. मुलाची भूमिका करणाऱ्या ओवेन कूपरचे हे पहिलेच काम, आणि चित्रीकरण सुरू झाले तेच या भागाने. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला एमी हा टीव्हीसाठीचा अमेरिकी पुरस्कार मिळाला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याच्या कामाविषयी कितीही बोलावे. मात्र पंधरा वर्षांच्या मुलाचे खासगी आयुष्य कोणत्याही सेवेच्या पट्टीत येता कामा नये, आणि तसा लेखी नियम प्रत्येक सेवेने जाहीर करावा, असे मला ठामपणे वाटते.

चित्राच्या दर्जाबद्दल थोडक्यात. उजेडातली दृश्ये सुरेख दिसतात. अंधाराच्या दृश्यांत काळ्या रंगाचे ठोकळे पडतात, ‘झोन’मधल्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने घेतलेल्या रात्रीच्या प्रसंगांत ते विशेष जाणवले. टीव्हीमधली हालचाल गुळगुळीत करण्याची सोय मात्र सर्वांनी बंद करावी. सेकंदाला चोवीस चौकटींनी घेतलेला चित्रपट तिच्यामुळे घरगुती व्हिडिओसारखा दिसू लागतो.

चित्रपट न सांगता निघून जातात, ही तक्रार सगळ्यांचीच आहे. हक्क ठरावीक मुदतीचे असतात हे मला समजते, आणि एचबीओ मॅक्स या ओटीटी सेवेने तर २०२२ मध्ये स्वतःच्या निर्मितीतल्या काही मालिकाही काढून टाकल्या, म्हणजे मालकी असली तरी शाश्वती नाही. प्रश्न सूचनेचा आहे. आमच्या सेवेत निघून जाण्याची तारीख फक्त त्या चित्रपटाच्या पानावर, बारीक अक्षरांत दिसते. मी ज्या यादीत तो जपून ठेवलेला असतो त्या यादीत नाही. अर्धी पाहिलेली एक मालिका आम्ही अशीच गमावली. तिचा शेवट मला एका मैत्रिणीने फोनवर सांगितला.

ग्राहक-विभागाशी माझा दोनदा पत्रव्यवहार झाला आणि त्यांच्या सौजन्याबद्दल मला चांगलेच बोलायचे आहे. पहिल्या पत्राला ठोकळेबाज उत्तर आले. दुसऱ्या पत्रात मी श्रेयनामावलीचा प्रसंग मिनिटामिनिटाने लिहून पाठवला, तेव्हा मात्र एका व्यक्तीने तो खरोखर वाचल्याचे जाणवले. तिने ‘मीही तो चित्रपट पाहिला आहे’ असे लिहिले आणि पुढचा चित्रपट आपोआप सुरू होणे बंद करण्याची सोय कुठे आहे ते सांगितले. ती टीव्हीवरच्या अॅपमध्ये नाहीच. संगणकावर खात्यात शिरून, ‘प्रोफाइल’मध्ये, ‘पाहण्याचे पर्याय’ या शीर्षकाखाली सर्वांत शेवटी एक चौकोन आहे, तो रिकामा करायचा. प्रत्येक सदस्याच्या प्रोफाइलला वेगळा. तीन वर्षे हा चौकोन तिथेच होता.

तो रिकामा केल्यानंतर आम्ही ‘झोन ऑफ इंटरेस्ट’ पुन्हा पाहिला. काळ्या पडद्यावर ‘सुरुवात वगळा’ या वेळीही आले, त्यावर उपाय नाही. पण शेवट पूर्ण मिळाला. संगीत चालू असताना कुणी उठले नाही, आणि आत्या चष्मा नाकावर सरकवून नावे वाचत राहिली. ध्वनिविभागाची यादी आली तेव्हा तिने हाताने मला गप्प राहण्याची खूण केली, जरी मी काही बोलत नव्हते.

वर्गणी पुढच्या वर्षासाठी मी चालू ठेवते आहे. संग्रहासाठी पाचपैकी साडेचार, चित्रासाठी साडेतीन, सबटायटल्स आणि डबिंगच्या निवडीसाठी दोन, मुखपृष्ठावरच्या पट्टीसाठी एक, ग्राहक-विभागासाठी चार. श्रेयनामावलीसाठी मी गुण देणार होते, पण गेल्या आठवड्यात अॅप नव्याने अद्ययावत झाले आणि तो रिकामा केलेला चौकोन पुन्हा आपोआप भरलेला सापडला. तिसरे पत्र पाठवले आहे. ‘अॅनाटॉमी’च्या पानावर ‘महिनाअखेरपर्यंत उपलब्ध’ अशी बारीक ओळ आली आहे, तेव्हा त्याआधी तो मूळ आवाजात पुन्हा लावायचा आणि फ्रेंच कुठले, इंग्रजी कुठले हे मी आत्याला हाताने खूण करून सांगायचे, असे आमचे ठरले आहे.